बेअरिंगची बारीक शीळ

रांजणगावच्या पंपांच्या कारखान्यात मी नवी इंजिनिअर होते आणि माझा तोरा काही विचारू नका. आवाज तपासणारं डीएसपी बोर्ड संगणकाला जोडून चालवणारी त्या अख्ख्या शेडमध्ये मी एकटीच. मोटारीचा आवाज माइकनं घ्यायचा, बोर्डानं त्यातले जाड-बारीक सूर वेगळे करायचे आणि पडद्यावर उभ्या रेघा काढायच्या. बेअरिंग खराब असलं की बारीक सुरांच्या बाजूला एक उंच रेघ उठायची.

तोवर हे काम राहू गावचे एक वयस्कर कामगार करत; सगळे त्यांना मामा म्हणत. वीस वर्षं मोटारीला कान लावून ते सांगायचे, “चांगली हाय” नाहीतर “खोला”. माझं बोर्ड जमलं की त्यांना पॅकिंगला टाकायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. मामांना ते ठाऊक होतं, तरी रोज माझ्यासाठी चहा आणायचे. मला लाज वाटायची, पण काम काही मी थांबवलं नाही.

अडचण एवढीच, की मामांनी चांगल्या म्हटलेल्या काही मोटारी बोर्ड खराब ठरवायचं. मामांचा कान चुकेल कसा? आठवडाभर मी माझ्याच प्रोग्रॅमला शिव्या घातल्या, तीनदा तो नव्यानं लिहिला. शेवटी बोर्डाची परीक्षा घ्यायची म्हणून स्पीकरवर नुसती एक बारीक शीळ लावली. इतकी कर्कश, की कानात बोटं घालावीशी वाटली. पडद्यावर रेघ अगदी बरोबर जागी उभी राहिली.

शेजारी उभे असलेले मामा म्हणाले, “लावा की आता, मॅडम. कवा लावताय?”

मी शीळ बंद केली, पुन्हा लावली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे माझा प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून बरोबर होता, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

त्यांना स्टुलावर बसवून मी सरळ सांगितलं, “मामा, शेडमधल्या या धडधडीनं तुमचा कान गेलाय. जाड आवाज कळतात, बारीक कळत नाहीत. आता या रेघा वाचायला शिका. बोर्ड तुम्हीच चालवायचं, साहेबांचं मी बघते.” साहेबांशी मी दुसऱ्याच दिवशी भांडले आणि ऐकायला लावलंच.

पण शीळ लावली त्या दिवशी मामांनी नोकरीचं काहीच विचारलं नाही.

“धाकटी नात हाय चार वर्सांची,” ते म्हणाले. “तिचं बोलणं मला उमगंना. मला वाटलं, आज्याला चिडवती, नुसतं तोंड हलवती. परवा मारलं म्या तिला.”