दूध आणि करडीचं तेल

मित्रांनो, शाळेत कविता म्हणताना अंगावर काटा यायचा, तसा आज चक्क मिक्सरपुढं आला.

तापातून उठल्यापासून बायकोच्या तोंडाला चवच नाही. दोन घास खाऊन ताट सरकवते. सूनबाई म्हणाली, "बाबा, घरीच मेयोनीज करू. गार दूध, लिंबू, लसूण, लाल तिखट. तेल तुमी ओता."

मी चटणीवर घेतो तसं करडीचं तेल भसकन ओतलं. झालं! दूध खाली, तेल वर.

मिक्सरचा आवाज ऐकून बायको आतून उठून आली. "अहो, चटणीवर तेल घ्यायलात का? बारीक धार धरा की!"

नव्या दुधात मी दोऱ्याएवढी धार धरली. मिक्सरचा आवाज हळूहळू जड झाला. झाकण काढलं, तर आत सायीसारखं घट्ट, पांढरंशुभ्र! दूधही नाही, तेलही नाही. दोन्ही जन्मभर पाहिली. त्यांच्या पोटात हे दडलंय, हे म्हातारपणी कळलं.

तिखट, लसूण फिरवून वाटी बायकोपुढं ठेवली. तिनं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बुडवला. नाक ओढत म्हणाली, "लय झणझणीत हाय." मग ताट पुढं केलं, "अजून चतकोर वाढ गं."

तुमच्याकडं रुसलेली चव कशानं परतली?