घैसास साहेबांची प्रत्यक्ष पाहणी

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा रद्दीवाला येतो आणि जुन्या फायली घेऊन जातो. किस्से मात्र तो नेत नाही. ते टेबलाच्या खणात, लतीफभाईंच्या डब्याच्या पिशवीत, जागा मिळेल तिथे साठत राहतात. मग रविवारी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका चहाला जमल्या की कुणीतरी विचारतंच, "पानसे बाई, तुमच्या खिडकीवर काय नवीन?"

आधी ही खिडकी कसली ते सांगते. वय झालं, अर्धांगाचा झटका आला, लघवीवर ताबा राहिला नाही, की घरात मोठ्या माणसांचे डायपर लागतात. ते औषधात धरत नाहीत, विम्यात धरत नाहीत, आणि थांबवता तर येतच नाहीत. या खर्चाला सरकारी मदत मिळावी म्हणून आमच्याकडे एक योजना आली. तिचं नाव 'दैनंदिन स्वच्छता साहाय्य'. पहिल्या आठवड्यात दोन बचत गट झाडू मिळतील म्हणून रांगेत उभे होते.

खिडकीवर आम्ही तिघं. मी, शिपाई लतीफभाई आणि आमच्या डोक्यावर घैसास साहेब. साहेबांचा जगात कुणावर म्हणून विश्वास नाही. सकाळी आल्यावर ते भिंतीवरचं घड्याळ बघतात, मग मनगटावरचं बघतात, मग मला विचारतात आणि मी सांगितलेलंही त्यांना खरं वाटत नाही. मी तरी कुठे कमी आहे? चोवीस वर्षं नोकरी झाल्यावर मला कुणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी याला काय हवं असेल, हेच आधी मनात येतं.

*

आमच्या खिडकीवर येणारा माणूस कधीही डायपर हा शब्द उच्चारत नाही. तो येतो, मागे वळून रांग बघतो, परत वळून बघतो आणि हळूच म्हणतो, "ते... आईचं होतं जरा."

शेजारच्याच खिडकीवर नळजोडाचे अर्ज मिळतात, त्यामुळे सुरुवातीला फार घोटाळे झाले. मग लतीफभाईंनी आपली पद्धत बसवली. माणूस दारातून आत येताना त्याच्याकडे बघायचं. सरळ चालत आला तर नळाचा फॉर्म. दोनदा मागे वळून बघितलं तर आमचा फॉर्म, तोही घडी घालून. ओळखीचं कुणी बघत नाही ना, हा संशय फक्त आमच्याच लोकांना येतो, असं लतीफभाईंचं म्हणणं आहे.

लतीफभाई आजवर एकदाच चुकले. एक तिशीतला तरुण धावतपळत आला, एकदा नाही चांगला पाच वेळा मागे वळला. लतीफभाईंनी मायेने त्याच्या हातात घडी घातलेला फॉर्म ठेवला आणि म्हणाले, "लाजायचं नाही बेटा, आजकाल लवकर पण होतं."

तो बाहेर टोइंगवाले आपली स्कूटर उचलतायत का ते बघत होता.

*

साहेबांना पहिल्या दिवसापासून एकच शंका होती. लोक मदत घेतील आणि डायपर घेणारच नाहीत. म्हणून त्यांनी नियम काढला की अर्जासोबत मागच्या महिन्यातली रिकामी पाकिटं जोडायची. तीच पाकिटं पुन्हा कुणी लावू नयेत म्हणून मी प्रत्येक पाकिटाचा कोपरा कात्रीने कापायचा. चार महिने मी सकाळी अकरा ते एक नुसते कोपरे कापत होते. ऑफिसात काय काम करतेस, असं घरी कुणी विचारलं की मी विषय बदलायची.

मग वाघोलीहून एक बाई आली. सासू अंथरुणाला खिळलेली. तिने गोणीभर पाकिटं आणली होती, आणि मला तिथेच संशय आला. तीन वेगवेगळ्या कंपन्या, चार वेगवेगळे साइज. एका सासूला चार साइज कसे लागतील? साहेबांना तर आनंदच झाला. पहिली बोगस केस सापडली होती.

साहेबांनी तिला समोर बसवून विचारलं, पाकिटं आणलीस कुठून? ती घाबरली नाही. म्हणाली, मोठमोठ्या सोसायट्यांमध्ये झाडायला जाते, तिथल्या कचऱ्यातून वेचली. आणि सासूला काय लावतेस? जुन्या लुगड्यांचे तुकडे. धुऊन वाळवून परत तेच.

"साहेब, पाकीट इकत घ्यायची ऐपत असती तर तुमच्या दारात कशापायी आले असते?"

मी हातातली कात्री खणात ठेवली. चार महिन्यांत हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. संध्याकाळी साहेबांनी पाकिटांचा नियम रद्द केला आणि नवा लिहिला. न कळवता घरी जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायची. माणसांवर विश्वास ठेवायचा, एवढं मात्र त्यांना काही सुचलं नाही.

*

प्रत्यक्ष पाहणीला मी पहिल्यांदा गेले ती कोथरूडच्या एका सोसायटीत. तळमजल्यावरच्या आजींचा अर्ज होता. गेटवर वॉचमनने वही पुढे केली. त्यात नाव, ऑफिस आणि कामाचं कारण. आता आजींचं गुपित मी वॉचमनच्या वहीत कसं लिहिणार? मी लिहिलं, 'सरकारी पाहणी'.

मी आजींच्या खोलीत बसून जेमतेम फॉर्मचं पहिलं पान भरलं असेल, बाहेर धावपळ सुरू झाली. आधी सेक्रेटरी आले आणि टॅक्सची पावती दाखवून गेले. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ येऊन सांगून गेले की बाल्कनी बंद केलेली नाही, फक्त काच लावली आहे. मी कुणालाच काही विचारलं नव्हतं. शेवटी चेअरमन आले. आजींच्या खिडकीबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडीसाठी पत्र्याची शेड घातली होती. ती तात्पुरती आहे, आजच काढणार होतो, असं ते मला तीनदा म्हणाले. खरं सांगते, मी 'बरं' याखेरीज एक शब्द बोलले नाही.

दुसरं पान भरून होईपर्यंत पत्रे उतरले आणि आजींच्या पलंगावर ऊन आलं. आजींनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मदत मिळेल तेव्हा मिळेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही मात्र अधूनमधून येत जा."

*

सगळेच संशय आमच्या बाजूने असतात असं नाही. पेठेतले एक निवृत्त गृहस्थ आहेत. मुलीने त्यांच्या नावाने परस्पर अर्ज केला, हे कळल्यावर ते स्वतः काठी टेकत आले. सरकार आजवर आपल्याकडून घेतच आलंय, आता अचानक देतंय म्हणजे डाव असणार. "माझ्या चड्डीची सरकारला एवढी काळजी का?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला आमच्या परिपत्रकात उत्तर नव्हतं.

त्यांना मदत नको होती, पण नको आहे हे लेखी हवं होतं. साहेब म्हणाले, नकार नोंदवायचा तर आधी अर्ज पूर्ण हवा. गृहस्थांनी आधार, रेशनकार्ड, डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो, सगळं आणून दिलं, प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. ज्यांना मदत हवी असते त्यांच्या फायलीत काही ना काही कमी असतंच. आमच्या कपाटात पूर्ण भरलेली फाईल ही एकच आहे, आणि नवीन लोकांना नमुना म्हणून आम्ही तीच दाखवतो.

*

हा पुढचा किस्सा मी रविवारच्या चहाला सांगत नाही.

एका अर्जात जानेवारीत साइज लार्ज होता, जूनमध्ये मीडियम झाला. साहेबांनी त्यावर लाल पेनाने गोल केला आणि अर्जदाराच्या मुलीला पत्र पाठवलं. साइज का बदलला, लेखी खुलासा करावा. त्यांना वाटलं, मदत बापाच्या नावावर आणि माल दुसऱ्याच कुणाला.

मुलगी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून आली. गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. तिने उभ्या उभ्या खुलासा लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. एकच ओळ होती. 'बाबा वाळत चालले आहेत.'

साहेबांनी तो कागद फायलीला लावला नाही, आपल्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला किती वाजले तेही विचारलं नाही.

*

आता मराठे काकूंचं सांगते.

स्वारगेटच्या मागच्या बाजूला एक जुनी बिल्डिंग आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अर्जदार शालिनी मराठे, वय पंचाहत्तर, अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांचा दाखला होता, पण त्यांच्या अक्षरात पेशंटचं नाव काय आणि आजार काय, हे धन्वंतरीलाही कळलं नसतं. मी नियमाप्रमाणे न कळवता गेले. बेल वाजवली आणि दार एका लहानखुऱ्या बाईंनी उघडलं. माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. दोन्ही हातांना कणीक.

मी विचारलं, शालिनीबाई कुठे आहेत? त्यांनी माझ्या काखेतली फाईल बघितली, म्हणाल्या, "मीच," आणि काही कळायच्या आत आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. चादर हनुवटीपर्यंत ओढली. कणकेचे हात चादरीच्या आत.

माझं डोकंच फिरलं. वाघोलीची ती बाई लुगडी धुऊन वाळवते आणि ही धडधाकट बाई नाटक करते?

बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान बसले होते. दाराएवढा रुंद, सहा फुटी माणूस. ताठ बसलेले, खुर्चीवर मेणकापड. मी आले तरी उठले नाहीत. म्हणाले, "हिचं काही खरं नाही हल्ली. मी आहे म्हणून निभतंय." आतून काकू म्हणाल्या, "हो हो, सगळं हेच करतात." भिंतीवर शाळेच्या संघांचे फोटो होते, आणि सगळ्यांत शिट्टी गळ्यात घालून उभे असलेले हेच. चाळीस वर्षं पीटीचे मास्तर.

मी पक्की संशयी. मुद्दाम सरांकडेच पाणी मागितलं. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, जरासे पुढे झाले आणि तसेच थांबले. मग आतून चादर फेकल्याचा आवाज आला आणि अंथरुणाला खिळलेल्या काकू तांब्या घेऊन पळत आल्या.

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. तिथे त्यांनी माझा दंड धरला.

"बाई, माझ्याच नावावर राहू द्या. दुसऱ्या नावाचं पत्र घरात आलं तर ते वापरायचंच सोडतील. मागे सोडलं होतं. पंधरा दिवस घोटभरच पाणी प्यायचे, दवाखान्यात न्यावं लागलं."

ऑफिसात आल्यावर मी 'प्रत्यक्ष काय आढळले' हा रकाना कोरा ठेवला. खरं लिहिलं तर अर्ज बोगस ठरत होता, आणि खोटं लिहायची मला सवय नव्हती. साहेबांना कोरा रकाना लगेच दिसला. मी एवढंच सांगितलं की काकूंचे यजमान पीटीचे शिक्षक होते, मराठे सर. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ओळखीचे असले की जास्त तपासायचं," ते म्हणाले. "मी येतो."

वाटेत त्यांनी सांगितलं की सरांना त्यांनी शाळेत कधी बसलेलं बघितलं नव्हतं. खुर्ची आजारी माणसासाठी असते, असं सर म्हणायचे. एकदा एका मुलाने मैदानावर सरांसाठी खुर्ची आणली, तर सरांनी त्यालाच दहा फेऱ्या मारायला लावल्या. तो मुलगा कोण, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दार पुन्हा काकूंनीच उघडलं आणि पुन्हा त्या पलंगाकडे धावल्या. सर त्याच खुर्चीत होते. साहेब दारातच थांबले. सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घैसास, शर्ट आत खोच."

दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या घैसास साहेबांनी शर्ट आत खोचला. मग त्यांनी खुर्चीवरच्या मेणकापडाकडे बघितलं, सरांच्या मुठींकडे बघितलं, आणि सरळ आतल्या खोलीत गेले. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी फाईल मांडीवर घेतली. चादरीखाली काकू कुठे संपतात आणि उशी कुठे सुरू होते, तेही कळत नव्हतं.

साहेबांनी एकेक रकाना विचारून घेतला. नाव. वय. किती दिवसांपासून त्रास. काकू चादरीतून उत्तरं देत होत्या, साहेब लिहीत होते. मी दारात उभी होते.

"साइज?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि म्हणाल्या, "एक्स्ट्रा लार्ज."

साहेबांनी मान वर केली नाही. स्वच्छ अक्षरात 'एक्स्ट्रा लार्ज' लिहिलं, माझ्या कोऱ्या रकान्यात 'स्वतः पाहिले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली.

बाहेर आलो तेव्हा सर वाटच बघत होते. "घैसास, नीट तपासलंस ना? सरकारचं काम आहे. मास्तरची बायको म्हणून सोडू नकोस."

"तपासलं सर," साहेब म्हणाले. "काकूंना खरंच गरज आहे."

"मग उभा काय राहिलास? पळ."

मी पायात चपला अडकवून कठड्यावरून खाली वाकून बघितलं, तेव्हा साहेब फाईल छातीशी धरून दुसरा मजला पळत उतरत होते.