ढवळीचं अंगण

बिरूअण्णांनी उभी हयात मेंढरं वळली, म्हणजे लोकांच्या बागा राखण्यापेक्षा खाऊन टाकण्याकडेच त्यांच्या घराण्याचा ओढा. आणि म्हातारपणी पुंडलिकनगरात मुलाच्या घरी येऊन त्यांनी काय केलं असेल, तर बाग. फाटकापासून ओट्यापर्यंतच्या पट्टीत एक डाळिंब, एक लिंबू, कढीपत्ता, गवती चहा आणि त्यांच्या बायकोनं, बानाबाईंनी, हट्टानं चढवलेला दोडक्याचा वेल. चितेगावला मेव्हण्याच्या मेंढरांचा वाडा बसायचा, तिथून अण्णा लेंडीखताचं पोतं रिक्षात आपल्या शेजारी बसवून आणत. रिक्षावाला नाकाला रुमाल लावी. अण्णा त्याला त्या खताची थोरवी ऐकवत घरापर्यंत येत. एकदा आलेला रिक्षावाला परत कधी त्या गल्लीत दिसला नाही.

नळाला पाणी येई ते पाहुण्यासारखं, कधी येईल आणि किती थांबेल याचा भरवसा नाही. तरी बानाबाई भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यातांब्यानं झाडांना घालत. वर्षाकाठी बागेचं उत्पन्न म्हणजे चार-दोन दोडकी आणि चिमण्यांनी फोडलेली डाळिंबं. अण्णा त्यालाही "औंदा बरं पीक हाय" म्हणत.

एके दिवशी मुलगा आदिनाथ वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला, ओट्यावर चहा पिता पिता म्हणाला, "अण्णा, गाडी बुक केली. सोमवारी मिस्त्री येतोय. हे सगळं काढून फरशी टाकायची, गाडी आत उभी राहिली पाहिजे."

बानाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अण्णांनी बशीतला चहा संपवला. धनगराला माहीत असतं, पोराशी वाद घालून मेंढरू वाचत नाही. वाचवायचं असेल तर त्याला नाव ठेवावं लागतं.

हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. कळपातल्या मेंढराला सहसा नाव ठेवत नाहीत. व्यापारी आला की बिननावाचं त्याच्या टेम्पोत चढतं, कुणाला हळहळ वाटत नाही. राखायचं असेल त्यालाच नाव, आणि एकदा नाव दिलं की ते विकायचं नाही, मग ते दूध देवो, कोकरू देवो, की नुसती वैरण खावो.

रात्री जेवताना अण्णांनी सुनेला मोठ्या साळसूदपणे विचारलं, "रत्नमाला, लोक बागेला नाव ठेवतात म्हणं?"

रत्नमालाला शाळेत शिकवून शिकवून असल्या गोष्टींची हौस. तिला वाटलं, बाग जाण्याआधी सासऱ्यांना तिचा नावासकट एक फोटो हवा असेल. तिनं लगेच मोबाईल काढला. "मामा, अर्थपूर्ण नाव पाहिजे. हरितस्वप्न? निसर्गस्पंदन? सृष्टिसौरभ?"

सकाळी अण्णांनी ती नावं फाटकात उभं राहून पारखली. त्यांच्या लेखी नावाची परीक्षा एकच, ओढ्याच्या पलीकडून हाक मारता आली पाहिजे. त्यांनी दम घेऊन "निसर्गस्पंदन" अशी हाक घातली. अर्ध्यातच खोकला आला. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, "कुणाला बोलवायलाय आजोबा?"

"बागेला," अण्णा म्हणाले. बाईंनी खिडकी लावून घेतली.

बानाबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. "आवं, लोक येडं म्हणतील."

"म्हणू दे. नाव बसत नाय, ही अडचण हाय."

"मग घरातलंच घ्या की एखादं. ढवळीचं घ्या."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत बाईनं लाखाची गोष्ट सांगितली ती दोडक्याचं पान पुसता पुसता.

ढवळी म्हणजे आदिनाथनं लहानपणी नाव ठेवलेलं कोकरू. आई मेलेलं, बाटलीनं पाजलेलं. व्यापारी आला तेव्हा अण्णांना त्या नावाचा पत्ता नव्हता, त्यांनी तिच्याही पाठीवर हात ठेवला होता. सौदा झाल्यातच जमा. तेवढ्यात शेंबडं नाक ओढत आदिनाथनं लांबून हाक मारली, "ढवळेऽ", आणि ती सगळा कळप चिरत त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. व्यापारीच म्हणाला, "हिला नाव हाय, नाय नेत मी." पुढं ढवळी भाकड निघाली. आयुष्यभर कामाचं एक काही केलं नाही तिनं, उलट दोन शेतकऱ्यांशी अण्णांची भांडणं लावली. पण म्हातारी होऊन, आपल्या जागी मेली.

अण्णा तडक सांडू पेंटरकडे गेले. सांडू गाड्यांचे नंबर रंगवायचा.

"ढवळी कोण, बाबा? आज्जीचं नाव का?"

"बस, सांगतो," म्हणून अण्णांनी मूळ पुरुषापासून सुरुवात केली. सांडूनं पाटी लवकर रंगवली, ती कलेच्या प्रेमापोटी नव्हे. गोष्ट संपण्याआधी गिऱ्हाईक निघावं म्हणून.

रविवारी आदिनाथ पाळीवरून आला. फाटकात डाळिंबाला तारेनं बांधलेली पाटी दिसली, 'ढवळीचं अंगण'. डब्याची पिशवी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

"हे कुणी लावलं?"

बानाबाई वेल चढवण्यात गढून गेल्या. अण्णा आकाशात घार शोधू लागले.

रत्नमाला म्हणाली, "अहो, मी किती छान नावं काढली होती. आणि यांनी मेंढीचं ठेवलं. आता ही पाटी उद्या काढायचीच ना?"

आदिनाथ हातपाय धुवायला गेला. परत आला तेव्हा फोनवर बोलत होता, "मिस्त्री, उद्या राहू द्या. नाय, परवा पण नको." मग आईकडे न बघता म्हणाला, "आई, डाळिंबाला पाणी कमी पडतंय."

गाडी आली, ती रस्त्यावरच उभी राहिली. वरून धूळ, खालून कुत्री, बाजूनं पोरांचा चेंडू. आदिनाथ रोज ती पुसतो आणि रोज पाटीकडे रागानं बघतो.

परवा अण्णा धोतराच्या सोग्यानं बॉनेट पुसत गाडीभोवती फिरत होते. खुशीत आले होते. दम घेऊन तोंड उघडणार, तोच आदिनाथ आतून धावत आला.

"अण्णा, हिला नाव नका ठेवू. चार-पाच वर्षांनी विकायची हाय."

"मला ठावं हाय की," अण्णा म्हणाले, आणि पोरगं कळपातलंच आहे या समाधानात ढवळीला पाणी घालायला आत गेले.