बँड पक्का

काल तुकोगंजात खिडकीखालून कुणाच्या तरी वरातीचा बँड गेला आणि मला आमच्या कापडमिलचं ऑफिस आठवलं. तिथे तेव्हा नवेच कॉम्प्युटर आले होते, एकमेकांना वायरने जोडलेले. इकडून निरोप टाइप केला की तिकडच्या पडद्यावर टुंग करून चौकोन उघडायचा. खाली मिलमध्ये निम्मे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, थंड पडले होते, भोंगा कधी वाजे, कधी नाही, कापसाची धूळ मात्र कीबोर्डवर रोज बसायची. मिल बंद होणार, ही कुजबुज संपतच नव्हती. अशात शेजारच्या टेबलावरच्या काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. बँडवाल्याने होकार दिल्याचं स्टोअरमधल्या मित्राला कळवायला त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, बी ए एन डी, पक्का, आणि चुकून तो निरोप सगळ्यांनाच गेला. एकदम सगळीकडे टुंग झालं. बँड कुणी वाचलंच नाही. आम्ही सगळ्यांनी वाचलं, बंद पक्का. टायपिस्टबाई तर रडायलाच लागल्या. काका धडपडत उठले, ‘‘अरे भिया, बँड! लग्नाचा बँड पक्का झाला!’’ मग जे हसलो आम्ही, पोट दुखेपर्यंत. तेवढ्यात केबिनचं दार उघडून मॅनेजरसाहेब बाहेर आले, चेहरा पांढराफटक. हळू आवाजात म्हणाले, ‘‘ये बात आप लोगों को किसने बताई?’’ लग्नात बँड आला, छान वाजला. वरातीत आम्ही सगळे होतो, पण नाचायला कुणी पुढे झालं नाही. काल खाली पोरं बेभान नाचत होती. मी खिडकी लावून घेतली.