आक्काचा दुसरा प्रश्न

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी गेवराईजवळ हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात मालकाला लिंबू-मधाचं सरबत करून दाखवत होतो. अश्विनी माझी भाची, थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. "मामा, आई गेली," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. फोन खिशात ठेवला, ग्लास ढवळून मालकापुढे सरकवला आणि मध म्हटलं की गिऱ्हाईक चार पैसे जास्त का देतं, ते सगळं सांगून पूर्ण केलं. मालक म्हणाला, "चांगलं हाय." मग मी गाडी काढली आणि चौसाळ्याच्या वाटेला लागलो. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं... आलं नाही. दीड महिना होत आला, अजून आलेलं नाही.

मी मधाचा प्रचार करतो. मध बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपन्या आपापल्या विक्रीतून वर्गणी देतात, त्यावर आमचं मंडळ चालतं. एकाही कंपनीचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'मध' म्हणायचं, असा दंडक. हॉटेलवाले, बेकरीवाले, मिठाईवाले, बचत गटाच्या बाया, सगळ्यांपुढं उभं राहून बोलायचं. हे बोलणं मला आक्कानं शिकवलं. वडिलांच्या दुकानात ती मला शेजारी बसवून घ्यायची आणि म्हणायची, "मालाकडं बघून काय बोलतूस? गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघ." लग्न होऊन ती चौसाळ्याला गेली तीही किराणा दुकानातच. दाजी आत वजनकाट्यावर, आक्का गल्ल्यावर. मंडळाचं काम लागल्यावर जिल्ह्यात पहिली बरणी मी तिच्याच फळीवर ठेवली. ती येईल त्या बाईच्या तळहातावर मधाचा थेंब टाकायची. "चाखून बघ. न्हाई आवडला तर माज्या नावानं बोंब मार." मी गेलो की विचारायची, "पगार तू घेतूस आन मध मी इकते. मंडळ नक्की कुणाचं रं?"

ती मधुमेही होती. आमच्याकडे 'साखर झाली' म्हणतात. तिला डॉक्टरकडे पहिल्यांदा मीच नेलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बीडला आम्ही दुकानदारांचा आणि हॉटेलवाल्यांचा मेळावा घेतला. अशा सभेत 'काही प्रश्न?' म्हटलं की सगळे माना खाली घालतात, म्हणून आपलाच एखादा माणूस बसवून ठेवायचा आणि प्रश्न पढवायचा, ही आमची नेहमीची रीत. त्या दिवशी मी आक्काला बसवलं. प्रश्न दिला होता, मध गोठला तर तो बनावट समजायचा का. ती डोक्यावर पदर घेऊन उठली आणि अगदी स्वतःला पडल्यासारखा तो विचारला. मी सांगितलं, चांगला मधही थंडीत गोठतो, बरणी कोमट पाण्यात ठेवा. टाळ्या पडल्या. पण माईक तिच्या हातातच राहिला आणि ती खाली बसली नाही. "आन साखर आसलेल्या माणसाला चालतंय का?" तिनं विचारलं.

हा मी दिलेला नव्हता. पहिल्या रांगेत कंपन्यांची माणसं बसली होती. मंडळानं शिकवलेलं उत्तर 'मध प्रमाणात घ्यावा' एवढंच होतं, पण तेवढ्यानं सभा पडेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "ताई, मध म्हणजे साखर नव्हे. तो निसर्गाचा गोडवा आहे. कुणालाच अपाय नाही." हे सगळं माझ्या पदरचं. आणि 'ताई' म्हणालो, ती माझी बहीण आहे हे कुणाला कळू नये म्हणून. याही उत्तराला टाळ्या पडल्या.

परत येताना गाडीत तिनं विचारलं, "दुसरं इचारायला नको हुतं का रं?"

"नाही, चांगलं झालं," मी म्हणालो. बीड ते चौसाळा आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं... मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

पुढच्या वेळी गेलो तर तिच्या चहात मध होता. कित्येक वर्षं फिका चहा प्यायलेली बाई. एक घोट घेऊन म्हणाली, "महादू, च्या म्हंजी हेच की रं." तिच्या तोंडाकडे बघून मला पुढं बोलवलं नाही. नंतर भाकरीबरोबरही मध आला. दुकानात साखर असलेलं कुणी आलं की ती सांगायची, "माज्याकडं बघ, मी खातीयच की." तिच्या दुकानातला खप वाढला, आणि तो मी मंडळाच्या बैठकीत दाखला म्हणून सांगितला.

ती हृदयविकारानं गेली. डॉक्टर मला म्हणाले, "एका मधानं माणूस जात नाही हो. दुखणं जुनं होतं, गोळ्याही चुकायच्या." त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग अश्विनीनं सहज एक गोष्ट सांगितली. हेच डॉक्टर मधावरून आक्कावर चिडले होते, तर ती त्यांना म्हणाली होती, "माजा भाऊ त्यातलाच हाय. तुमच्यापरीस त्याला जास्त कळतंय." अश्विनीला ते सांगताना हसू आलं. मी जेवत होतो, जेवलो.

दाजींना मात्र सांगितलं, मेळाव्यातलं माझं उत्तर खोटं होतं म्हणून. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ते शेंगदाण्याच्या पुड्या बांधत होते.

"तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"तवाच?"

"तवाच."

त्यांनी हातातली पुडी बांधून पूर्ण केली. मग म्हणाले, "तिनं लई जनांला सांगितलंय, महादूभाऊ."

नोकरी मी सोडलेली नाही, तेही लिहून टाकतो. रविवारी चौसाळ्याला जातो आणि गल्ल्यामागं तिच्या जागेवर बसतो. तिथल्या गादीला तिच्या बसण्याचा खळगा पडलाय, त्यात मला नीट बसता येत नाही. मध मागणाऱ्या प्रत्येकाला घरात कुणाला साखर आहे का ते विचारतो. मागच्या रविवारी एक म्हातारी आली.

"मलाच हाय की. म्हून तर मध. आक्कानं चालतंय म्हनलं हुतं."

"आक्काला मी सांगितलं होतं, मावशी. मी तिचा भाऊ. चुकीचं सांगितलं. मध म्हंजीबी साखरच."

आतला दाजींच्या काट्याचा आवाज थांबला. म्हातारीनं फळ्यांवर नजर फिरवली.

"मग गूळ दे."

"गूळबी तसलाच."

"मग काय, फिकाच प्यायचा?"

"फिकाच."

तिनं पिशवीची घडी घातली आणि काखेत धरली. "तुज्यापरीस आक्का बरी हुती बाबा," म्हणाली आणि पायरी उतरून गेली.