शेवटच्या पानापासून

कोणतंही हस्तलिखित समोर आलं की काका ते मागून उघडायचे. पुढची पानं सोन्याने मढवलेली असतात, त्यांच्याकडे सगळेच बघतात. काकांचं वाक्य ठरलेलं होतं, "मालकाचं नाव शेवटी असतं. खोडलेलं असलं तर तेही तिथेच."

व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीच्या तळघरात ते जुन्या फ्रेंच हस्तलिखितांचा कॅटलॉग करत. त्याच तळघरात मी त्या पानांचे फोटो काढते. नात्याने ते माझे कुणी नव्हते, मराठी म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. नागपूर सोडून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. मध्ययुगातली फ्रेंच ते पेपर वाचावा तशी वाचत, पण कॅफेटेरियाचा मेनू मला वाचायला लावत. "हे मला आणखी आठशे वर्षांनी समजेल," म्हणायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समारंभात त्यांना शेवटच्या रांगेत बसवतात आणि अडलं की सगळ्यात आधी बोलावतात.

गेल्या वर्षी हस्तलिखितांचा एक विक्रेता तळहाताएवढं प्रार्थनापुस्तक घेऊन आला. मखमली पेटी, पांढरे हातमोजे, आणि बोलणं असं की जणू पुस्तकानेच त्याला दत्तक घेतलं होतं. खरेदीच्या सोहळ्याची निमंत्रणंही डायरेक्टरांनी छापून घेतली होती. पुस्तक पूर्वी कुणाचं होतं, त्या नोंदीवर काकांची सही तेवढी राहिली होती.

काका साबणाने हात धुऊन आले. मोजे घातले की कातड्याचं पान बोटांना कळत नाही, असं त्यांचं मत. शेवटच्या पानावरून फिरणारं त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"इथे पातळ आहे. खरवडलंय कुणीतरी. दिवा लाव गं."

अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली एक गोल शिक्का वर आला. फ्रान्समधल्या एका लहान गावातल्या लायब्ररीचा. मी फोटो काढला.

"चोरीचं आहे," काका म्हणाले. "घरी पाठवायला हवं."

वरच्या मजल्यावर मीटिंग झाली. जुन्या कातड्यावर डाग असायचेच, असं विक्रेता म्हणाला म्हणे. 'आधीचा मालक अज्ञात' एवढं लिहून मोकळं व्हा, असं डायरेक्टरांनी सुचवलं. काका सही न करताच खाली आले.

"मला माहीत आहे, त्याला अज्ञात कसं लिहू?"

त्या दुपारी विक्रेता माझ्या टेबलापाशी आला. फोटो सुंदर काढता, म्हणाला. मग हसून विचारलं, "तुमचा व्हिसा याच नोकरीवर आहे ना?" मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं.

सोमवारी काका आले नाहीत. रिटायर झाले, अशी दोन ओळींची ईमेल आली. आमच्याकडे सहा महिने टिकलेल्यालाही केक कापून निरोप देतात. काकांसाठी केक नव्हता. फोन लागेना, म्हणून मी त्यांच्या अपार्टमेंटवर गेले. दारावरची मराठी पाटी गेली होती. चिकटपट्टीच्या चार खुणा उरल्या होत्या.

आठवड्याने कॅटलॉग वेबसाइटवर आला. आधीचा मालक अज्ञात. खाली काकांचं नाव. माझ्या फोल्डरमधून त्या शिक्क्याचा फोटो गेला होता. एक कॉपी मी घरी ठेवली होती. ती अजून आहे. मी ती कुणालाही पाठवलेली नाही.

काल विक्रेता पुन्हा आला, नवी मखमली पेटी घेऊन. काकांची खुर्ची रिकामीच असते, त्यामुळे पुस्तक थेट माझ्या टेबलावर आलं. मी हात धुतले होते. दिवा हाताशी होता. त्याने पांढरे मोजे पुढे केले.

मी ते घातले आणि पुस्तक पुढून उघडलं.