मोरपिसांची तेजी

उभ्या आयुष्यात मी एकदाच घोडा घ्यायला निघालो, तोही मोबाईलमध्ये, आणि तिथंही माझं दिवाळं निघालं.

लातूरच्या मोंढ्यात माझं आडत दुकान आहे. सोयाबीन आणि तूर. बावीस वर्षांचा अनुभव! (हे लक्षात ठेवा, पुढं तोच मला नडला.) माझी लेक गौरी नववीत आहे. ती मोबाईलवर एक खेळ खेळते. त्यात आपलं गाव वसवायचं, शेती करायची आणि कुठकुठल्या लोकांशी वस्तूंची देवघेव करायची. पोरीनं वर्षभर त्यात मासे धरून, लाकडं तोडून मोरपिसं जमवली होती. कशासाठी? पांढऱ्या घोड्यासाठी! तिच्या सगळ्या मैत्रिणी घोड्यावर, आणि ही एकटी मागून पायी पळायची.

नेमका घोड्याचा सौदा जमला आणि तिला आईबरोबर मुखेडजवळच्या एका वाडीवर, मावशीच्या लग्नाला जावं लागलं. तिकडं रेंज नाही. म्हणून तिनं खेळ माझ्या मोबाईलवर घालून दिला आणि एसटीत चढता चढता बजावलं,

"अप्पा, नांदेडचा एक दादा घोडा विकायलाय. तीनशे मोरपिसं. आपल्याकडं तेवढीच हायत. तुम्ही फक्त 'हो' दाबायचं."

"पिसं कशाला? नाणी पडलीत की ढीगभर!"

"नाण्याला कोण विचारतंय? खेळाच्या कंपनीनं इतकी वाटली की लाख नाण्याला एक वांगं येतंय. आता सगळे पिसांतच व्यवहार करायलेत."

लाखाला वांगं! माझं डोकंच फिरलं. तिथं कुणी विचारणारं हाय का न्हाई?

"अप्पा, फक्त 'हो' दाबा. दुसरं काही करू नका."

"मला शिकवती का गं? बावीस वर्षं..."

एसटी निघून गेली.

नांदेडवाल्याचा निरोप आला, 'काका, तीनशे.' आता तुम्हीच सांगा, पहिल्या भावाला मान डोलावणारा आडत्या मोंढ्यात तोंड दाखवेल का? मी लिहिलं, 'अडीचशे. आणि घोड्याचे दात दाखवा.'

'काका, हा गेम हाय.'

'मग काय झालं? जनावर म्हटलं की दात बघायचे!'

तेवढ्यात मला दिसलं, पिसांचा भाव सकाळपासून चढतोय. तेजी! दोन दिवस थांबलं तर हाच घोडा दोनशे पिसांत येणार, वर शंभर उरणार. मी नांदेडवाल्याला ठणकावून सांगितलं, 'सध्या न्हाई. भाव येऊ द्या.' आणि नुसता थांबलो असतो तरी निभावलं असतं हो! पण हात शिवशिवत होते. खेळातली गौरीची गाय विकली, होडी विकली, आणि आलेली पिसं आधीच्या पिसांत साठवली. कोठारात हजारभर खिळे पडले होते, तेही नांदेडवाल्यालाच दिले.

'काका, खरंच विकायलाव?'

'उचला, उचला! जागा तरी मोकळी होईल.'

दोन दिवस मी मोंढ्यात छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल उघडला तर आत फटाके! कंपनीचा वाढदिवस. त्या खुशीत प्रत्येकाला हजार मोरपिसं फुकट!

फुकट? अरे, काही लाजलज्जा? आमच्या तुरीला जरा भाव आला की बाहेरची तूर आणून ओततात, ते आम्ही गिळलं. आता खेळातही तेच? मी कंपनीला तीनदा खरमरीत तक्रार लिहिली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'आपला दिवस आनंदात जावो.'

धावत नांदेडवाल्याकडं गेलो. (म्हणजे बोटानं.) 'सहाशे घ्या, हजार घ्या, पण घोडा द्या!'

'काका, आता पिसं कोण घेतंय? सगळे खिळ्यांत व्यवहार करायलेत. घर बांधायला लागतेत, आणि कंपनी फुकट देत न्हाई.'

'खिळे कुठं मिळतेत?'

'माझ्याकडं हायत की. तुमचेच.'

गौरी मुखेडहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मोबाईल घेतला. ओरडली नाही, तेच वाईट. "अप्पा, माझी गायपण?" एवढंच म्हणाली आणि डोळे भरले. बावीस वर्षांत गिऱ्हाईकापुढं मान खाली गेली नव्हती, ती त्या दिवशी लेकीपुढं गेली.

मी नांदेडवाल्याच्या हातापाया पडलो. त्याला दया आली. असतील नसतील तेवढी पिसं घेऊन त्यानं एक गाढव दिलं. एक कान पडलेलं, चालता चालता मध्येच थांबणारं. गौरीनं ते बराच वेळ बघितलं, फिस्सकन हसली आणि त्याचं नाव ठेवलं 'अप्पा'.

आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी खेळात तिच्या घोड्यासाठी खिळे घडवून देतो आणि अप्पा ते वाहून नेतो. परवा नांदेडवाल्यानं गौरीला विचारलं, 'ते गाढव परत देतीस का? ओझ्याला लई कामाचं हाय.' तिनं उत्तर लिहिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं, "अप्पाला सध्या विकायचं न्हाई. भाव येऊ द्या."